खाणीचा ढिगारा हिरवा करताना

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या बंद पडलेल्या खुल्या कोळसा खाणीतील मातीच्या जुन्या ढिगाऱ्यावर विलायती बाभळीचे रान माजले आहे. त्यात रोही (नीलगाय) आणि रानडुकरे राहतात, वाघाचे पगमार्कही दिसले आहेत. आता हे रान काढून, ढिगारा सपाट करून तेथे झाडे लावणार आहेत. गावाला सुरक्षित वाटेल हे खरे, पण जनावरे कुठे जातील? आम्ही कोणती मागणी करावी?
— एक वाचक, भद्रावती (जि. चंद्रपूर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. ताडोबाच्या जंगलाबाहेर पडलेल्या जनावरांना चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात असे ढिगारेच आडोसा देतात, आणि तेथे सावज मिळत असल्याने वाघही येतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागातील वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांनंतर झुडपे तोडण्याची मागणी झाली, ती माणसांच्या जिवासाठी होती व वस्तीलगत ती योग्यच आहे. म्हणून घरे, शाळा आणि पायवाटांलगतचा पट्टा आधी मोकळा करावा. उरलेले रान मात्र एकाच हंगामात साफ करू देऊ नये. एक भाग काढावा, तेथे नवे गवत व झुडूप उभे राहिले की मगच पुढच्या भागाला हात लावावा, आणि जवळच्या जंगलाशी किंवा नाल्याशी जोडलेली वाट शेवटपर्यंत राखावी.

विलायती बाभूळ नुसती तोडून चालत नाही. खोडापासून ती पुन्हा फुटते आणि तिच्या शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या शेणातून ती पसरते, त्यामुळे ती मुळासकट काढावी लागते. पण तिच्या जागी एकाच जातीची झाडे ओळीने लावली, तर कागदावर हिरवळ दिसेल आणि रोह्याला चारा मिळणार नाही. आधी मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते, मग बोर, पळस, खैर, बांबू हा क्रम मला अधिक भरवशाचा वाटतो. ढिगाऱ्यातील दगडगोटे मिसळलेल्या निकस मातीत काहीच रुजत नाही असे म्हणणाऱ्यांना नीरीचे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) काम दाखवावे. नागपूरच्या या संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ (प्रेसमड), उपयुक्त जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडे वाढवली आहेत. खाण चालू असतानाच वरची सुपीक माती वेगळी काढून लवकर पसरली, तर हे काम पुष्कळ सोपे होते. वर्षानुवर्षे उंच ढिगात पडून राहिलेल्या मातीतले बी आणि जीवजंतू मरून जातात.

सगळेच सपाट करण्याचा आग्रहही धरू नये. टिटवी उन्हाळ्यात उघड्या खडकाळ जमिनीवर, दगडांच्या रंगाचीच अंडी घालते, त्यामुळे यंत्र चालवणाऱ्याला ती दिसतही नाहीत. मातीच्या उभ्या कड्यात वेडा राघू बीळ खणतो आणि खाणीच्या कपारींत शृंगी घुबड हिवाळ्यात घरटे करते. अमुक महिन्यात काम केले की कोणालाच त्रास होत नाही, असा महिना सापडणे कठीण. म्हणून यंत्र येण्यापूर्वी वन विभागासोबत जागेची पाहणी व्हावी, आणि सुरक्षित असलेला एखादा कडा तसाच ठेवावा. खड्ड्यात पाणी साचले असेल, तर एका बाजूला सौम्य उतार द्यावा. उभ्या काठावरून आत पडलेले जनावर वर येऊ शकत नाही.

मागणीला कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने, ८ जानेवारी २०२० रोजी केंद्राला सांगितले की खाणकाम संपल्यावर ती जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य होईल अशी पुन्हा गवताळ करण्याची अट खाणपट्ट्याच्या करारात घालावी. शिवाय कोळसा खाणीला खाण बंद करण्याचा आराखडा करावा लागतो आणि त्या खर्चाची रक्कम राखीव खात्यात ठेवावी लागते. तो आराखडा आणि पर्यावरण मंजुरीतील अटींचे सहामाही अहवाल माहितीच्या अधिकारात मागवावेत, ग्रामसभेत वाचावेत आणि वन्यजीवांबद्दलची प्रत्येक अट प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावी.