‘च’भोवती गोल

“मॅडम, ग्रुप प्रोजेक्टचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं आणि मला कुणाला बोलता येत नाही.” विद्यापीठातल्या मुलामुलींकडून, विशेषतः सबमिशन जवळ आलं की, समुपदेशनात हे मी सतत ऐकते. त्यातल्या एकीचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती तिसऱ्या वर्षाला होती. पाच जणांच्या गटाचा रिपोर्ट, स्लाइड्स, सगळं हीच रात्री जागून करायची. पहिल्या दोन भेटी राग बाहेर पडण्यात गेल्या. तो पडू दिला. तिसऱ्या भेटीत विचारलं, “त्यांना कधी सांगितलंस?”

“मेसेज लिहिला होता. पाठवला नाही.”

तिने फोन पुढे केला. ‘सॉरी हं, सगळे बिझी असाल, जमलं तर कुणी संदर्भ बघेल का? नाही जमलं तरी चालेल, मी करते.’

“यात तू मागितलंयस काय?”

तिने दोनदा वाचलं. “काहीच नाही.”

“स्पष्ट मागितलं असतंस तर?”

“ते नाराज झाले असते. मी सगळ्यांना आवडलेच पाहिजे असं वाटतं मला.”

हे वाक्य मी तिला कागदावर लिहायला लावलं आणि म्हटलं, “आता ‘च’भोवती गोल कर. आणि जे खरंच तुझ्या हातात आहे, तेवढंच वाक्य पुन्हा लिही.” बराच वेळ पेन हलेना. मग तिने लिहिलं, ‘मी सगळ्यांना आवडले तर बरं वाटेल.’

“आणि नाही आवडले तर?”

“वाईट वाटेल.” थोडं थांबून म्हणाली, “पण तेवढंच.”

इच्छेची सक्ती झाली की माणूस अडकतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलं. माझं काम त्याच वाटेवरचं. पण ही सक्ती मराठीत एका अक्षरात दडून बसते, हे मला पुस्तकांनी नाही, या मुलांनी शिकवलं, आणि ते सापडल्याचा आनंद मला अजूनही होतो.

एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी बागेत जाऊन महिनाभर शंभरावर अनोळखी स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. भीती गेली ती बोलून. म्हणून धीर येण्याची वाट बघू नका, असं मी मुलांना सांगते. राग लहान असतानाच बोला. काम कोणतं आणि कधीपर्यंत, हे सांगा. ‘नाहीतर मी करते’ हे शेपूट तोडा. मेसेज गेल्यावर जी शांतता पसरते, ती आपण भरून काढायची नाही. सगळ्यात अवघड तेच असतं. आणि समोरच्याचं काही म्हणणं असेल तर तेही ऐकायचं. झोप, जेवणच बिघडलं असेल तर मात्र एकट्याने झुंजू नका, समुपदेशकाला भेटा.

तिचा नवा मेसेज असा होता: ‘पहिली दोन प्रकरणं माझी. उरलेल्यातलं कोण काय घेतंय ते गुरुवारपर्यंत लिहा.’ दोघांनी लगेच काम घेतलं. एकाचं उत्तर आलं नाही. चौथा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, मग स्लाइड्स घेऊन आला आणि म्हणाला, “मला वाटायचं, तुला दुसऱ्याचं काम पसंतच पडत नाही.”

हे मला सांगताना तिने बोटाने हवेत ‘च’भोवती गोल काढला.