घरात लहान मुले असताना पर्यावरणपूरक राहणी कशी सुरू करावी आणि त्यासाठी कोणत्या वस्तू विकत घ्याव्यात?

आपल्या घरी दहा महिन्यांचे बाळ आणि सहा वर्षांची मुलगी आहे, आपण दोघेही नोकरी करता, आणि 'इको', 'ग्रीन', 'नॅचरल' अशी बिरुदे मिरवणाऱ्या वस्तूंमधून नेमके काय घ्यावे हे कळत नाही, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात राहते, दोन मुलांची आई आहे आणि आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या वर्गीकरणाचे काम पाहते. त्यामुळे या प्रश्नाकडे पाहण्याची माझी जागा दुकानाच्या दारात नसून कचऱ्याच्या बादलीपाशी आहे, हे आधीच सांगते. माझी पहिली सूचना अशी की एक आठवडा काहीही नवीन विकत न घेता घरातून रोज काय बाहेर जाते तेवढेच पाहावे. बाळ असलेल्या घरात वजनाने सर्वांत जास्त ओला कचरा निघतो आणि त्याची सोय घरच्या घरी होऊ शकते. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो. डायपरला मात्र कोणीही गिऱ्हाईक नाही. म्हणून सुरुवात तिथून करावी.

एकदा वापरून टाकायच्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा, प्लॅस्टिकचे न विणलेले कापड, बाहेरून प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि ओल धरून ठेवणारे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण असतात. हे सारे एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे आणि वर घाण लागलेली असल्यामुळे त्यातून काही वेगळे काढून पुन्हा वापरणे आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. दिवसाला पाच डायपर धरले, तरी वर्षाचे १,८२५ होतात. हा आकडा अपराधी वाटावे म्हणून लिहिलेला नाही. घरातल्या इतर कोणत्याही बदलापेक्षा इथे केलेला अर्धामुर्धा बदलही जास्त फळ देतो, एवढेच त्यातून सांगायचे आहे.

कापडी लंगोट आपोआपच चांगले, असे मात्र समजू नये. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. त्यात टाकाऊ डायपरच्या वाट्याला सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार आला आणि धुऊन वापरायच्या डायपरच्या वाट्याला सुमारे ५७० किलो. म्हणजे तेथील सरासरी घरात दोन्ही सारखेच ठरले. याचे कारण धुण्याच्या पद्धतीत होते. यंत्रात कपडे पूर्ण भरून धुतले, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर हा भार बराच खाली येतो, असेही त्याच अभ्यासात दिसले. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे कोणाला वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. ड्रायर क्वचितच कोणाकडे असतो आणि मोठ्याचे धाकट्याला हा तर घरोघरचा रिवाज आहे.

आता प्रत्यक्षातल्या अडचणी पाहू. बाजारात मिळणारे बटणांचे कापडी डायपर बाहेरून पॉलिएस्टरचे असतात, त्यावर पाणी न झिरपणारा थर दिलेला असतो, आणि आत जाड घडीचा पॅड घालायचा असतो. उन्हाळ्यात हा पॅड दुपारपर्यंत खडखडीत वाळतो; जुलैमध्ये मात्र गॅलरीत दोन दिवस टांगूनही तो आतून दमटच राहतो, आणि असा दमट पॅड बाळाला बांधला की पुरळ ठरलेले. म्हणून जाड पॅडच्या जोडीला जुन्या सुती साडीची किंवा धोतराची चौकोनी बाळोती भरपूर ठेवावीत. उलगडून वाळत घातलेले एकेरी कापड पावसाळ्यातही पंख्याखाली काही तासांत वाळते आणि घडी करून त्याच कव्हरमध्ये घालता येते. ही बाळोती विकत घ्यावी लागत नाहीत. आजीच्या ट्रंकेत ती पडून असतात. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून कापड पाणी शोषेनासे होते. रिठ्याबद्दल बरेच ऐकायला मिळते आणि लोकर, रेशीम यांसाठी रिठा खरोखरच उत्तम आहे, पण लंगोटांसाठी मी साधी धुण्याची पावडर बेताने घालून दोनदा खळबळून काढणेच पसंत करते. बाळाला जुलाब किंवा बुरशीचा संसर्ग असेल, तेव्हा कडक गरम पाण्याला पर्याय नाही.

रात्री, प्रवासात आणि पाळणाघरात टाकाऊ डायपर वापरण्यास माझी हरकत नाही. रात्रभर झोपलेले बाळ आणि सकाळी कामावर जाणारी आई, दोघांनाही झोप लागते. दिवसा घरी कापड आणि रात्री एक डायपर एवढे जमले, तरी पाचाचे एकावर आले. याशिवाय एक उपाय आहे ज्याला पैसे पडत नाहीत आणि म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही: बाळ झोपून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर त्याला आपल्या दोन पावलांवर बसवून 'शूऽऽ' म्हणणे. आपल्या आज्या हेच करत आल्या आहेत. दहा महिन्यांचे बाळ त्यासाठी मुळीच लहान नाही, आणि जेवढी वेळ साधेल तेवढे लंगोट वाचतील.

जे डायपर टाकायचेच आहेत ते कसे टाकावेत, याकडे सुशिक्षित घरांतही दुर्लक्ष होते. आतली शी संडासात टाकून, डायपर घट्ट गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल रंगाचा ठळक ठिपका काढावा आणि तो सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने या लाल ठिपक्याची मोहीम चालवली, आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही असा कचरा नीट गुंडाळून देणे बंधनकारक केले होते. सुका कचरा हाताने निवडला जातो. बांधलेले पुडके उघडून आत काय आहे ते पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये, यासाठी हा ठिपका आहे.

ओल्या कचऱ्याचे घरी खत करण्याचे काम सहा वर्षांच्या मुलीकडे अर्धे तरी सोपवता येईल. खाली भोके पाडलेली झाकणाची बादली किंवा मातीचे मोठे भांडे पुरते. महागडा कंपोस्टर नको. एक वाटी ओला कचरा टाकला की त्यावर निदान तेवढाच वाळका पाला टाकायचा, एवढा एकच नियम मुलांना सांगावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांमध्ये पानगळीचे ढीग लागतात आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी ते पेटवले जातात. त्यातली दोन पोती भरून ठेवली की वर्षाची सोय होते. वास येऊ लागला तर समजावे की ओल जास्त झाली आहे आणि हवा पोहोचत नाही. पाला वाढवून काडीने हलवले की तो जातो. पावसाळ्यात बादलीत करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरून औषध फवारू नये. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि फणसाचे चारखंड (गरे काढून उरलेला भाग) दोन दिवसांत फस्त करतात. आमच्याकडे मोठ्या माणसांनी नाके मुरडली, आणि मुले मात्र बादलीभोवती उकिडवी बसून कोणती अळी कशावर तुटून पडते ते पाहत राहिली. आंब्याची कोय महिनोन्महिने तशीच राहते, लिंबाच्या साली रेंगाळतात, अंड्याची टरफले चुरली तरच मातीत मिळून जातात; हे सारे मुलीला स्वतः पाहू द्यावे. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडून न टाकता पिशवीला लटकता ठेवणे हेही तिच्या वयाला जमणारे काम आहे, कारण ती कपची एवढी लहान असते की कचरा निवडताना कोणाच्याच हाती लागत नाही.

आता आपण विचारलेल्या वस्तूंकडे येते. मुलांसाठी 'बांबूची' म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत ताटल्या, पेले आणि वाट्या यांपासून दूर राहावे. त्यांपैकी बऱ्याच ताटल्यांमध्ये बांबूची भुकटी मेलामाइनच्या रेझिनमध्ये कालवलेली असते, आणि त्यात गरम पदार्थ वाढला की फॉर्मल्डिहाइड व मेलामाइन ही अपायकारक रसायने पाझरू शकतात. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने याबद्दल इशारा दिला आणि युरोपीय संघाने अशी भांडी बाजारातून काढण्याची मोहीम हाती घेतली. आपल्या मांडणीवरची स्टीलची वाटी याहून सर्व बाजूंनी सरस आहे. दात घासायच्या बांबूच्या ब्रशबद्दल एवढेच की दांडा बांबूचा असला तरी केस बहुधा नायलॉनचे असतात. घ्यायला हरकत नाही, पण टाकताना केस उपटून काढावेत. 'कंपोस्टेबल' पिशव्या घरच्या बादलीत कुजतील अशी अपेक्षा धरू नये. त्या मोठ्या प्रकल्पातल्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार 'पर्यावरणस्नेही' असे मोघम लिहून भागत नाही, दाव्याला पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा वेष्टनावर किंवा संकेतस्थळावर दिसला नाही, तर ती वस्तू नेहमीचीच आहे असे धरून भाव करावा.

खेळण्यांच्या बाबतीत बाळ सगळे तोंडात घालते हे धरून चालावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट असल्यामुळे सावंतवाडीच्या किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर ते चिन्ह नसले म्हणून ते खोटे ठरत नाही. पण लाकडी म्हणजे निर्धोक असेही नव्हे. चन्नपट्टणला लाखेचे रंग लेथवर फिरत्या लाकडावर चढवण्याची परंपरा आहे. इतरत्र तैलरंगाचा हात दिलेला असू शकतो, तेव्हा रंग कोणता हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि बाळासाठी बिनरंगी लाकूडच घ्यावे. मुलीला सावंतवाडीची भातुकली आणि फळे जरूर द्यावीत.

खरेदीच करायची असेल तर मी पंखा सुचवेन, जरी त्याला बाळाच्या वस्तूंत कोणी धरत नाही. बाळाच्या खोलीतला पंखा जवळजवळ दिवसभर चालतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा सुमारे ३०. रोज पंधरा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दोनशे युनिट वाचतात.

शेवटी नातेवाइकांबरोबरच्या सणसमारंभांचा प्रश्न, ज्याचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. बाळाची पहिली संक्रांत असेल तर बोरन्हाण होईलच. त्यात हल्ली प्लॅस्टिकच्या कागदातली चॉकलेटे आणि चकचकीत पुड्या ओततात. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि तिळाच्या रेवड्या एवढा मूळचा ऐवज पुरेसा आहे, आणि खाली पडलेले वेचायला जमलेली मुले त्यावरही तितकीच तुटून पडतात. मात्र बोर, घाटा किंवा चुरमुरा बाळाच्या तोंडात जाणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवावे. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी गूळ, वाटीभर डाळ किंवा रोप द्यावे. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांनाच यादी करायला सांगितली तर हे अधिक सहज होते, असा माझा अनुभव आहे. मुलीच्या वाढदिवसाला चंदेरी चकाकीच्या 'कागदी' ताटल्या घेऊ नयेत, कारण त्यांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. पानांची पत्रावळ आणि द्रोण चालतात. पाहुणे जास्त असतील तर भांडी भाड्याने देणाऱ्याकडून स्टीलची ताटे आणावीत. ती घासून परत द्यायची की नुसते खरकटे काढून, हे मात्र पैसे देण्याआधी ठरवून घ्यावे.