व्हायकिंग तलवारीच्या पात्यावरची पन्हळ, म्हणजे मधोमध असलेली लांब खोबण, रक्त वाहून जाण्यासाठी होती का? आणि पुढच्या तलवारींवरून ती का गेली?

रक्ताशी तिचा काही संबंध नाही. पन्हळ होती ती वजनासाठी.

मी फोर्जिंगमध्ये बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून लोखंडापासून सुरुवात करतो. त्या काळी युरोपातल्या भट्टीत लोखंड वितळत नसे. हाती यायचा तो मळी मिसळलेला, स्पंजासारखा गोळा, कुठे मऊ तर कुठे कडक. म्हणून लोहार वेगवेगळ्या लोखंडाच्या सळया पिळून, तापवून, ठोकून एकजीव करत आणि धारेला पोलादाची पट्टी जोडत. त्या पिळाची नागमोडी नक्षी बरोबर पन्हळीत दिसायची. दहाव्या शतकापर्यंत ऱ्हाईन नदीकडच्या फ्रँक लोकांच्या मुलखातून (आजचा फ्रान्स-जर्मनीचा भाग) चांगले, एकसारखे पोलाद येऊ लागले आणि पीळ मागे पडला. ‘उल्फबेर्ट’ हे नाव कोरलेली सुमारे १७० पाती सापडली आहेत, नववे ते अकरावे शतक अशा काळातली. एवढा काळ एकच लोहार जगत नाही, म्हणजे ती छापच असणार. फ्रँक राजा चार्ल्सने ८६४ मध्ये व्हायकिंगांना शस्त्रे विकायला बंदी घातली होती, यावरून त्या मालाची किंमत कळते.

आता पन्हळ. पाते पाऊण मीटरच्या आसपास लांब, पाच-सहा सेंटीमीटर रुंद. मधला भाग ठोकून पातळ केला की वजन घटते, पण त्या मानाने ताठपणा फारसा घटत नाही. गर्डरचे गणित हेच. म्हणून एवढे रुंद हत्यारही मुठीसकट साधारण सव्वा किलोचे. एका हातात ढाल धरून दुसऱ्या हाताने वार करायला ते नेमके होते. (आपल्याकडच्या फिरंग तलवारींवरही अशा पन्हळी दिसतात, त्यांची बरीच पाती युरोपातूनच यायची.)

पन्हळ सगळ्याच तलवारींवरून गेली नाही, हेही सांगायला हवे. पण चौदाव्या शतकात सरदार पोलादी पत्र्याच्या चिलखतात शिरले आणि त्यावर वार घसरू लागला. उरल्या त्या फटी: काख, मांडीचा सांधा, शिरस्त्राणाची चीर. तिथे भोसकायला न वाकणारे टोक हवे. मग पाते टोकाकडे निमुळते झाले, पन्हळीच्या जागी मधोमध उंच कणा आला आणि छेद पतंगासारखा चौकोनी झाला. तलवारींचे अभ्यासक एवर्ट ओकशॉट यांच्या वर्गीकरणात व्हायकिंगांच्या वळणाची रुंद तलवार दहाव्या प्रकारात येते आणि ही पंधराव्या. चिलखती लढाईत योद्धा डावा हात चक्क पात्याच्या मध्यावर धरून ती आखूड भाल्यासारखी चालवायचा. तेव्हाच्या शस्त्रविद्येच्या हस्तलिखितांत तशी चित्रे आहेत.