वाचक विचारतात: छडीच्या मागे उभे असलेले विद्वान

प्रश्न: नमस्कार ताई, पालकांसाठीच्या एका पॉडकास्टमधे 'ब्लॅक पेडागॉजी'बद्दल ऐकलं, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिस मिलर यांची असं सांगितलं. सर्च केलं तर काटारीना रुत्श्की हे भलतंच नाव आलं. नक्की कोणाचं आहे हे? – एक आई, सांगली

उत्तर: रुत्श्कींचंच. 'ब्लॅक पेडागॉजी' म्हणजे मुलाच्या भल्याच्या नावाखाली धाक, लाज आणि मार वापरून त्याची इच्छा मोडणारी शिकवण. जर्मन निबंधकार, जन्म १९४१, बर्लिन. १९७७ मधे त्यांनी याच नावाचं एक जाडजूड पुस्तक काढलं, मिलरबाईंनी १९८० च्या आपल्या पुस्तकात त्यातले उतारे घेतले आणि मग ते नाव जगभर गेलं. गंमत म्हणजे रुत्श्कींच्या पुस्तकात त्यांचं स्वतःचं लिखाण कमीच आहे, त्यांनी जुन्या जर्मन शिक्षणतज्ज्ञांचे, डॉक्टरांचे, पाद्र्यांचे पालकांना दिलेले सल्ले शोधून एकत्र लावले, बस. आणि ते वाचताना घाम फुटतो! १७४८ मधे सुल्झर नावाचे गृहस्थ लिहितात की हट्ट पहिल्या एक-दोन वर्षांतच मोडून काढा, कारण तेव्हाचं मुलांना पुढे काही आठवत नाही, आपल्याला कधी स्वतःची इच्छा होती हेसुद्धा. हे कुणी माथेफिरू नव्हेत हो, नावाजलेले विद्वान. लाइपझिगचे डॉक्टर श्रेबर तर पोरांनी ताठ बसावं म्हणून पट्टे आणि दांड्यांची उपकरणं बनवायचे, त्यांचा एक मुलगा न्यायाधीश झाला आणि पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेला, त्याच्या आठवणींवर फ्रॉइडनी १९११ मधे लिहिलंय. जर्मनीत शहराच्या कडेच्या छोट्या बागांना अजूनही याच श्रेबरांचं नाव आहे, काय बोलणार.

प्रश्न: आम्ही मार खाऊनच शिकलो, काही बिघडलं नाही. या बाईंचं ऐकायचं तर मग करायचं तरी काय? – निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर: सर, रेसिपी रुत्श्कींनी दिलेलीच नाही, या पुस्तकात तरी नाही. फटके बंद करा हे सांगायला आता कायदे आहेत, जर्मनीत २००० पासून घरातही मारायला बंदी आहे आणि आपल्याकडे शाळेपुरतं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे. पण त्यांचा रोख छडीपेक्षा त्या 'तुझ्याच भल्यासाठी'वर होता, म्हणजे सतत पाळत ठेवणं, चारचौघांत लाज काढणं, मुलाकडून चूक गोड बोलून कबूल करवून घेणं. यातलं बरंचसं न मारताही करता येतं. बिघडलं की नाही हे मात्र तुमच्या विद्यार्थ्यांना विचारायला हवं, मला नाही.

प्रश्न: पण पुढे याच बाई लैंगिक शोषणाच्या विषयावर उलट बोलल्या ना? – एक वाचक, पुणे

उत्तर: हो, १९९२ च्या पुस्तकात. शोषण होतच नाही असं त्या म्हणत नव्हत्या, आकडे फुगवले जातात, समुपदेशकांना जिथेतिथे संशय दिसतो आणि निर्दोष घरं भरडली जातात असं त्यांचं म्हणणं, त्यावरून स्त्रीवाद्यांशी कडाक्याचं वाजलं. आकड्यांवर शंका घेणं मला रास्त वाटतं, पण मोठ्यांच्या प्रतिष्ठित संस्थांकडे सगळ्यात जास्त संशयाने बघायला जिने शिकवलं तिचीच नजर इथे मदत करणाऱ्यांवर खिळून राहिली, हे खटकतं. १४ जानेवारी २०१० ला त्या गेल्या. त्याच महिन्याच्या शेवटी बर्लिनच्या कानिसियुस या जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांच्या) शाळेतलं मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण फुटलं, मार्चमधे ओडनवाल्ड शाळेचं, आणि ती तर पुरोगामी शिक्षणाचा मानबिंदू होती.

प्रश्न: त्यांनी शिक्षण सोडून काही हलकंफुलकं लिहिलंय का? – कॉलेजविद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: आहे की! २००१ मधे शहरातल्या कुत्र्यांवर एक पुस्तक, आणि उपशीर्षकात दोरीला बांधलेली आहेत ती माणसं.