चौकाच्या मधोमध कोर्ट

प्रश्न : टेक्सासमधल्या छोट्या गावांच्या फोटोंत कोर्ट भर चौकात दिसतं. असं का?

उत्तर : लेकाकडे ऑस्टिनला होते तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. आपल्याकडे कोर्ट म्हणजे गावाबाहेरची कौलारू, पिंपळाखालची इमारत! तिथे जमिनीची खरेदीखतंही काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) त्या इमारतीतच नोंदवायची, म्हणून गाव आखतानाच मधला चौकोन तिच्यासाठी राखायचे आणि चारी बाजूंना तिच्याकडे तोंड करून दुकानं. टेनेसी राज्यातल्या शेल्बीव्हिल गावाची १८१०ची आखणी हा या पद्धतीचा नमुना मानतात.

ऑस्टिनजवळचं लॉकहार्ट गाव मी दोनदा पाहिलं. तिथलं कोर्ट १८९४चं. फिकट दगड, त्यात लाल वालुकाश्माची नक्षी, मधोमध घड्याळाचा मनोरा. छपरं मात्र फ्रेंच धाटणीची, म्हणजे बाजूंनी जवळजवळ उभी आणि वर सपाट. कापसाच्या गावात हा थाट कशाला, असं आधी वाटलं. पण शेजारच्या काउंटीपेक्षा आपलं कोर्ट देखणं हवं, ही ईर्षा तेव्हा जोरात होती. समोरच्या विटांच्या दुकानांची वरची कोरीव पट्टी जरूर पाहा. खालच्या काचा बदलल्या तरी ती बरेचदा जुनीच असते.