अख्खा मेंदू वाटू नकोस

बेटा,

तुझ्या थिसिसच्या उंदरांवरच्या प्रयोगाचा प्लॅन वाचला. डिप्रेशनचं क्रॉनिक स्ट्रेस मॉडेल घेतेयस, म्हणजे उंदरांना रोज ताण देऊन डिप्रेशनसारखी अवस्था आणायची, चांगलंय, पण पहिल्याच ओळीत "सेरोटोनिन कमी होतं हे दाखवायचंय" (मूडशी जोडलं जाणारं मेंदूतलं रसायन) लिहिलंस ना, तिथंच माझं घोडं अडलं. एवढं सरळ नसतं गं ते. स्ट्रेस आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे हार्मोन सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं, मग मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोन, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. एकदोनदा झालं तर काही बिघडत नाही, पण रोजचंच झालं की ज्या हिप्पोकॅम्पसनं, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागानं, या साखळीला ब्रेक लावायचा तोच मार खातो, तिथं बीडीएनएफ हे पेशींना पोसणारं प्रथिन घटतं, पेशींच्या फांद्या आखडतात. आणि गंमत बघ, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी २००२ मध्ये दाखवलं की रोज २ तास असं १० दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांत अमिग्डालातल्या, म्हणजे भीतीच्या केंद्रातल्या फांद्या उलट वाढतात! म्हणून म्हणते, अख्खा मेंदू वाटून एचपीएलसीला (रसायनं वेगळी करून मोजणारं मशीन) लावू नकोस, भाग वेगवेगळे काढ, हात बसेपर्यंत वेळ लागतो, लागू दे.

आता खरी अडचण. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात लाईट गेली की अ‍ॅनिमल हाऊसचा एसी बंद, म्हणजे तुझा कंट्रोल ग्रुपसुद्धा, ज्यांना ताण द्यायचाच नाही ते उंदीर, स्ट्रेसमध्येच, मग तुलना कशाशी करणार? दिवाळीनंतरच सुरू कर. गाईडला घाई असते, ती त्यांची.

साखरपाण्याची टेस्ट मात्र मनापासून कर, विल्नर या संशोधकाचं १९८७ चं स्ट्रेस मॉडेल त्यावरच उभं आहे. १ टक्का साखरेचं पाणी आणि साधं पाणी शेजारी ठेवायचं, स्ट्रेसवाला उंदीर गोडाकडे कमी वळतो, त्याला त्यात मजाच वाटेनाशी होते. बाटल्या आधी-नंतर वजन करायच्या, मधेच डावी-उजवी बदलायची, आणि एक जोडी रिकाम्या पिंजऱ्यावर लावून ठेवायची, किती पाणी नुसतं गळतं आणि उडून जातं ते कळतं, आपल्याकडे कोरडी हवा आहे बाई.

कॉर्टिकोस्टेरॉन मोजायला रक्त सगळ्यांचं एकाच वेळेला काढ. उंदीर रात्रीचा प्राणी, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला वर असतं, सकाळी खाली. कंट्रोलचं सकाळी नि बाकीच्यांचं जेवून आल्यावर, असलं काही करू नकोस, आणि पकडापकडीत पाचदहा मिनिटं गेली तर त्यानंच आकडा चढतो.

एथिक्स कमिटीला देण्याआधी प्रोटोकॉल मला पाठव. किती उंदीर लागतील ते हिशोब करून लिही, सिनियरच्या थिसिसमधून उचलून नको.