मे महिन्यात तीन आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन बारा दिवस मालवणकडे सासरी जायचं आहे. गाडीने जावं की रेल्वेने, सोबत काय न्यावं, मोबाईलशिवाय मुलं कंटाळतील का?

तुमची सामानाची यादी वाचली. सनस्क्रीन आहे, पोहायची ट्यूब आहे, रंगपेट्या आहेत, डासांचं क्रीम दोन प्रकारचं आहे. बूट नाहीत. म्हणून लिहायला बसले, एरवी मी नुसती वाचणारी.

गाडी-रेल्वे आधी उरकते. रेल्वे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीपर्यंत पोचली. तीन वर्षांच्या मुलाला सीटला बांधून दहा-बारा तास न्यायचं आणि परशुराम घाटात त्याची उलटी ओंजळीत झेलायची, ही हौस मी दोनदा केली आहे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं) आणि मेमधली कोकणकन्या बघता बघता भरते. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी मिळाली तर मुलं झोपून जातात. दिवसाची मांडवी मिळाली तर बोगदे मोजण्यात वेळ जातो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तिथे आमची धाकटी श्वास रोखून धरायची पैज लावायची आणि दर वेळी हरायची.

आता बूट.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, कणकवलीला उतरून जायचं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे सारवलेलं खळं, मागे मांगर. मे महिन्यात अशा घराला सुट्टी नसते, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, रातांबे (कोकमाची फळं) फोडून सोलं वाळत घालायची, आंबोशी, फणसाची साटं. आणि त्याच्या जोडीला आगोटची बेगमी: सरपण पडवीत रचायचं, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, आत घ्यायची, कौलं चाळायची. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं हे सगळं पावसाआधी आवरायच्या मागे असतात, त्यात आपण दोन पोरं सोडतो आणि वर विचारतो, आजी आज शिरवाळे करणार ना? वर्षभर शांत पडलेला लाकडांचा ढीग हलतो तो याच महिन्यात. ढिगात, चिऱ्यांच्या फटींत जे काही राहत असतं तेही तेव्हाच बाहेर पडतं.

२०१६ चा मे. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड. नवरा आम्हाला पोचवून चौथ्या दिवशी ठाण्याला परतला होता. दुपारी तीनचा सुमार. आई, म्हणजे सासूबाई, मागच्या दारी रातांबे फोडत होत्या, मी मुलीला थोपटत माजघरात आडवी झाले होते. मुलगा पडवीत सोडणांचा किल्ला करत होता. "आई, बोटाला मिरची लागली" म्हणत आत आला आणि मग त्याने जे भोकाड पसरलं, की अख्खी वाडी खळ्यात जमली. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ढीग उपसला आणि एक विंचू चपलेने मारला. करंगळीएवढा, तांबूस.

मोठे भाऊजी शेजारच्याच घरात राहतात. ते आले आणि त्यांनी सूत्रं हातात घेतली. कांदा चोळला. चिंचोका घासून बोटाला चिकटवला. आघाड्याचं मूळ आणायला एकाला पिटाळलं आणि तात्यांना निरोप धाडला. तात्या विंचू उतरवतात. त्यांनी शेकड्याने उतरवलेत असं सांगतात, आणि ते खरंही असेल, कसं ते सांगते पुढे.

वीसेक मिनिटांनी मुलगा रडायचा थांबला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "बघलंस? उतराक लागला," भाऊजी म्हणाले. माझा मात्र टांगणीला लागला.

कारण माझं माहेर महाडचं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तुम्ही २०२२ मध्ये पद्मश्रीच्या यादीत वाचलं असेल, आमच्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरात होतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असताना त्यांनी विंचू चावलेली माणसं मरताना पाहिली आणि मग त्या मरणाचा पाठपुरावा केला. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी लाल विंचवाच्या विषावर चालते, हा त्यांचा लेख १९८६ मध्ये लंडनच्या लॅन्सेटमध्ये आला. आमच्या लहानपणी ओट्यावर बसणाऱ्या बायकांनासुद्धा एवढं पाठ होतं: विंचू चावला आणि माणूस ठणाणा बोंबलतोय, तर बहुतेक वेळा निभावतं. दुखणं कमी, पण दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार, तर आहे तसं उचला आणि डॉक्टरकडे न्या. विष हृदयावर जातं, मग फुप्फुसात पाणी होतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं फार भरभर होतं.

मी त्याच्या पाठीवर हात फिरवला तर बनियन पिळून काढावं इतकं ओलं. मे महिन्याची दुपार, वीज गेलेली, आणि पोराचे तळहात फ्रिजमधून काढल्यासारखे. मग उलटी झाली.

मी म्हटलं, गाडी काढा. भाऊजी म्हणाले, "धा मिन्टां थांब. तात्या येतत. आमका काय इचू नवीन नाय." मी म्हटलं, याला घाम फुटलाय, हे लक्षण वाईट आहे. तर म्हणाले, रडून रडून घाम येणारच, आणि महाडच्या माणसांना सगळ्यातच जास्त कळतं. हे शेवटचं वाक्य नऊ वर्षं झाली तरी माझ्या कानात आहे. मला गाडी येत नव्हती. (आता येते. त्याच पावसाळ्यात शिकले.) आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

हा तिढा आईंनी सोडवला. रातांब्याने कोपरापर्यंत लाल झालेले हात, तशाच आत आल्या, मुलाच्या कपाळाला मनगट लावलं आणि भाऊजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पोराक काय झाला तर तात्या भरून देतलो? चावी दी." भाऊजींनी किल्ली काढली. आईंनी ती शेजारच्या पोराच्या हातात ठेवली, आणि मुलीला कडेवर घेऊन मला म्हणाल्या, हिचं मी बघते, तू नीघ.

आरोग्य केंद्र आठ किलोमीटरवर. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होता. मारलेला विंचू आबांनी लोणच्याच्या बरणीत घालून दिला होता, त्याच्याकडे त्याने नीट बघितलंही नाही. मुलाचे पाय चाचपले, नाडी बघितली आणि थेट गोळी. तेव्हा मला एक नवीन गोष्ट कळली, जी महाडच्या ओट्यावर कोणी सांगितली नव्हती. त्या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मूल आडवंच ठेवायचं. कडेवर घ्यायचं नाही, टेकवून बसवायचंसुद्धा नाही. चार वर्षांचं पोर दोन्ही हात वर करून "घे, घे" करतंय आणि सिस्टर सांगतायत, उचलू नका हं बाई. दर अर्ध्या तासाने नाडी आणि रक्तदाब, तीन तासांनी पुन्हा गोळी. मी खाटेपाशी उकिडवी बसून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत राहिले. कावळ्याचं घर किती वेळा वाहून गेलं मी मोजलं नाही. रात्री अकराच्या सुमारास त्याची पावलं गरम लागली. सकाळी त्याने पेज मागितली.

तर भाऊजींचं म्हणणं असं, आणि ते दर गणपतीत पंगतीला सांगतात, की विंचू लाल नव्हताच. बरणीतला होता तो वेगळा, चावला तो काळा. म्हणजे आमच्या पडवीत त्या दुपारी विंचवांचं संमेलन भरलं होतं. आणि तात्या दहा मिनिटांत पोचले होते, थांबले असतो तर तिथेच उतरला असता, दवाखान्यात सलाईन लावायला डॉक्टरांना काय, निमित्तच हवं असतं. यावर माझा नवरा कढीचा वाडगा पुढे करतो.

म्हणून इथे, चारचौघांत, एकदा नीट सांगते. बहुतेक विंचू चावून फक्त ठणका लागतो. काळी इंगळी दिसायला भयंकर, ठणकाही जबरदस्त, पण एक दिवस सोसला की उतरतो. त्या दिवसात तुम्ही मंत्र घातला, चिंचोका लावला किंवा भिंतीकडे बघत बसलात तरी तो उतरणारच. तात्यांचे शेकडो रुग्ण त्यातले. जो उतरणार नाही असा एखादाच असतो, आणि तो ओळखायला तासभरसुद्धा मिळत नाही. भाऊजी, तुमचे नातू आता इंटरनेटवर सगळं वाचतात, त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.

तुमच्यापुरतं एवढं: मुलांना पायांत बंद बूट, अंगणातसुद्धा, आणि घालायच्या आधी उलटे करून आपटायचे. दोरीवरचे कपडे झटकून घालायचे. सरपण, सोडणं, चिरे, पालापाचोळा यांत हात घालायचा नाही. हा नियम पोचल्या दिवशीच आजोबांच्या तोंडून सांगायला लावा, तुमचं कोणी ऐकणार नाही. जमिनीवर गाद्या घालायला मजा येते, पण लहानग्याला खाटेवर मच्छरदाणीत झोपवा. जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे, रात्री डॉक्टर असतो का, हे सासऱ्यांना आत्ताच फोन करून विचारा. १०८ चा नंबर आहेच, पण आमच्यासारख्या आडवळणाच्या वाडीत गाडी घरात असेल तर तीच लवकर पोचते. आणि फुरसं, घोणस, मण्यार या सापांच्या बाबतीत तर थांबायचा प्रश्नच नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, थेट दवाखाना.

नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च मिळतो, तो न्या. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, अगदी रेडियमच्या काट्यांसारखा. आमचा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे, रात्री जेवणं झाली की आबांना घेऊन खळ्याची फेरी मारतो. गेल्या मेमध्ये बारा दिवसांत दोन सापडले, दोन्ही मागच्या गडग्यात.

हे वाचून जायचं रद्द करू नका. मी डॉक्टर नाही, आणि कोकणातली सगळी घरं विंचवांनी भरलेली नाहीत. आमच्याकडे एवढ्या वर्षांत एकदाच झालं. आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी मला डुलकी लागली होती, मुलगा ढिगापाशी खेळतोय हे मला माहीत होतं. आईंनी ते आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. हेही सांगायला हवं की शेजारच्या पोराने गाडी चालू करेपर्यंत भाऊजींनी दार उघडून त्याला खाली ओढलं आणि स्वतः बसले. ते आठ किलोमीटर त्यांनी जसे मारले तसे त्या पोराला मारता आले नसते. पंगतीत हा भाग तेही सांगत नाहीत आणि मीही.

समुद्राचं विचारलं नाहीत, पण ट्यूब आहे म्हणून: मेच्या शेवटी दर्या बदलायला लागतो, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तर नकोच. मच्छीमारांना विचारल्याशिवाय गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. ट्यूब घरी ठेवा, तिच्यामुळेच मुलं आत जातात. विहिरीला कठडा आहे का तेही बघा.

मोबाईलचं म्हणाल तर पहिले दोन दिवस मुलं कंटाळतील आणि तुमचं डोकं खातील. तिसऱ्या दिवशी आजोबांबरोबर बागेत जाऊन खाली पडलेले आंबे वेचायला लागतील. तसंही आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते, तुमच्याकडे काय ते तुम्हाला माहीत. तिथे उभं राहून कार्टून बघायचा उत्साह आजवर कोणी दाखवलेला नाही, माझा नवरा सोडला तर. तो क्रिकेटचा स्कोअर बघतो.

आणि रेल्वेने जाणार असाल तर घरातल्या गाडीची किल्ली कुठल्या खुंटीवर असते ते पहिल्याच संध्याकाळी बघून ठेवा. खिशात असेल तर कोणाच्या, तेही.